फुटपाथवर उभं राहून बस ओळखायची कशी? (मुंबई, जुन्या-नव्या सगळ्या)

हाफटिकीट (धागाकर्ते)
विषय साधा आहे. रविवारी तासभर फोर्टात, दादरला नाहीतर कुर्ल्याला फुटपाथवर उभं राहायचं आणि समोरून जाणारी प्रत्येक बस ओळखायची. कंपनी कुठली, इंधन कुठलं, वय किती, कुणाची. रेल्वेवाल्यांच्या वह्या इंजिनांच्या नंबरांनी भरलेल्या असतात. बसवाले मात्र अजून ‘लाल बस’ आणि ‘एसी बस’ या दोन जातींवरच अडलेत.

१५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची साधी डबलडेकर धावली (मार्ग ४१५, आगरकर चौक ते सीप्झ). ५ ऑक्टोबरला उघड्या टपाची गेली. महिना संपता संपता पद्मिनी टॅक्सीही गेली. त्यानंतर रस्त्यावर बघण्यासारखं काही उरलंच नाही, असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही.

तर प्रश्न तीन. जुनी म्हणावी अशी बस आज मुंबईच्या रस्त्यावर आहे का? सिग्नल सुटायच्या आत, म्हणजे दहाएक सेकंदांत, नेमकं काय बघायचं? आणि उभं कुठे राहायचं?

‘आमच्या वेळी’ ने सुरू होणाऱ्या प्रतिसादांनी कृपया स्वतंत्र धागा काढावा.

टिंगटिंग
आमच्या वेळी असे नियम नसायचे.

चौथी_खिडकी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’. एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. परिवहन उपक्रमांच्या बसही त्यात आल्या. म्हणजे मार्गावर दिसणारी कुठलीही बस फार तर पंधरा वर्षांची. शेवटच्या डबलडेकर गेल्या त्याही याच हिशेबाने, त्यात अपघात-बिघाडाचा संबंध नाही.

विंटेज नोंदणी आहे की, असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून तेही सांगून टाकतो. जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला वेगळी पाटी मिळते. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण हे फक्त दुचाकी आणि मोटारींसाठी, तेही धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या. या नियमात बस बसतच नाही.

टिंगटिंग
‘बस बसतच नाही’ हे फलकावर रंगवून घ्या कुणीतरी.

क्लचप्लेट
दुसऱ्या प्रश्नावर. नजर कुठून कुठे फिरवायची याचा क्रम ठरवून घ्या, नाहीतर रंग बघण्यातच दहा सेकंद जातात. रंग सर्वांत शेवटी. रंग फसवतो.

पहिली पाटी. हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं म्हणजे विजेवरची प्रवासी गाडी. पिवळी पाटी आणि काळी अक्षरं म्हणजे डिझेल किंवा सीएनजी.

मग टप. विजेवरच्या गाडीच्या टपावर बहुधा एसीची पेटी असते, शिवाय बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा लांबट उंचवटाही दिसतो. सीएनजीच्या टाक्या टपावर दिसल्या तर गाडी बहुधा लो-फ्लोअर. उंच गाडीत टाक्या खाली, दोन चाकांच्या मधल्या जागेत असतात. त्यामुळे ‘टपावर टाक्या नाहीत, म्हणजे डिझेल’ हा निष्कर्ष काढू नका. डिझेल-सीएनजीचा घोळ मिटवायला अंगावरचा हिरवा चौकोनी, टोकावर उभा केलेला स्टिकर बघा.

तिसऱ्या पायऱ्या. आपल्याकडे शहरी बसच्या जमिनीच्या उंचीचे तीन ठरलेले प्रकार आहेत: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. दारात एकही पायरी नसेल तर ४००. तीन पायऱ्या चढून आत जावं लागत असेल तर ९००. मधलं असेल तर ६५०. दार उघडं असताना एका नजरेत कळतं.

चौथं, मागची बाजू. मागे पूर्ण काच असेल तर इंजिन पुढे. खाली जाळी, झडपा आणि वर अर्धीच काच किंवा सरळ पत्रा असेल तर यंत्र मागे. पुढच्या इंजिनाची गाडी उभी असताना चालकाच्या डाव्या हाताला बॉनेटचा फुगवटा पुढच्या काचेतूनही दिसतो.

इतकं बघून झालं की कंपनीचं बोधचिन्ह बघा. ते समोरच असतं, पळून जात नाही.

पाटीपुराण
क्लचप्लेट, एक भर. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची, कंत्राटदाराची गाडी, आणि पांढरी म्हणजे बेस्ट उपक्रमाची स्वतःची, हेही लिहा.

क्लचप्लेट
नाही हो. पांढरी पाटी खासगी वापराच्या वाहनाची. भाडं घेऊन माणसं वाहणारी, विजेवर नसलेली गाडी पिवळ्या पाटीची, मग मालक कुणीही असो. पाटीच्या रंगावरून इंधन कळतं, मालक कळत नाही. विजेवरच्या खासगी मोटारीची पाटीही हिरवीच, फक्त तिच्यावर अक्षरं पांढरी. घोळ इथेच होतो.

पाटीपुराण
बरं. मग मालक कशावरून?

चौथी_खिडकी
बाहेरून खात्रीने सांगणं अवघड आहे. २०१९ पासून ज्या भाडेतत्त्वावरच्या बस आल्या त्यांच्यात गाडी, चालक, इंधन आणि देखभाल कंत्राटदाराची, वाहक आणि मार्ग उपक्रमाचा. चालक कुणाचा आणि वाहक कुणाचा ही विभागणी लक्षात ठेवली की बरंच कळतं. गाडीत वाहक नाही आणि तिकीट थांब्यावरच फाडलं जातंय असं दिसलं, तर भाड्याची असण्याची शक्यता खूप. पण ही शक्यता झाली, पुरावा नाही.

नाममात्र
एवढा आटापिटा कशाला? सरकारी परिवहन ॲपात पाटीचा नंबर टाका. कंपनी, मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, प्रदूषणाचा टप्पा, फिटनेस कधीपर्यंत, सगळं येतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, तरी अंदाज येतो. धागा संपला.

टिंगटिंग
शब्दकोड्याच्या शेवटच्या पानावर उत्तरंही असतात, नाममात्रसाहेब.

हाफटिकीट
नाममात्र, ॲप घरी गेल्यावर ताडून बघायला. रस्त्यावर आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा, मग ॲप उघडायचं. दहांतले किती बरोबर आले तो आपला स्कोअर.

बोरीबंदर
चौथी_खिडकी यांचं ‘नाही’ गाड्यांपुरतं बरोबर आहे. पण जुन्या बसचे अवशेष रस्त्यावर आहेत, तेही मोजा. दादर टी.टी. घ्या. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली, नाव मात्र अजून वाहकांच्या तोंडात आहे. बोर्डावर खोदादाद सर्कल लिहा नाहीतर आणखी काही, उतरणारा टी.टी.च मागतो.

बाकी सनावळी एकदाच देऊन ठेवतो, पुढे कुणी चुकू नये म्हणून. घोड्याची ट्राम १८७४. विजेची ट्राम १९०७. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. डबलडेकर १९३७. बेस्ट कंपनी महापालिकेकडे आली ७ ऑगस्ट १९४७ ला, आणि नावातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ ‘ट्रामवेज’चा ‘ट्रान्सपोर्ट’ झाला. चार अक्षरं तीच राहिली. नाव बदलावं तर असं.

बसंती
डबलडेकर १९२६ पासून होती ना? मुंबईत शंभर वर्षं डबलडेकर, असं कुठेतरी वाचलं होतं.

बोरीबंदर
शंभरीचा हिशेब मोटारबसचा. डबलडेकर त्यानंतर अकरा वर्षांनी. फॉरवर्ड करणाऱ्यांना हा फरक परवडत नाही.

शून्यप्रहर
जुन्या फोटोंचं काय? लोक टाकतात आणि खाली ‘१९५०’ लिहून मोकळे होतात. फोटोतल्या बसचं वय ओळखायची काही युक्ती?

बोरीबंदर
आहे. तीन गोष्टी बघा.

पाटी. एम-एच आणि पुढे आकडे असतील तर फोटो १९८९ नंतरचा, कारण नवा मोटार वाहन कायदा त्या वर्षी जुलैत लागू झाला. तीन अक्षरी पाटी असेल तर नोंदणी त्याआधीची. फोटो नंतरचा असू शकतो हं, जुनी पाटी घेऊन गाड्या पुढे वर्षानुवर्षं चालल्या.

रस्ता. रूळ वापरात दिसत असतील तर मार्च १९६४ च्या आधी.

डोक्यावरची तार. इथे बहुतेक जण घसरतात. टपावरून एकच दांडा तारेला लागलेला असेल तर ट्राम, कारण वीज परत जायला खाली रूळ आहेत. दोन दांडे, दोन तारा आणि खाली रबरी टायर असतील तर ट्रॉलीबस. तिला रूळच नाहीत, म्हणून परतीची तारही वरच. मुंबईत ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ एवढीच होती. म्हणजे दोन दांडे दिसले की फोटोची तारीख नऊ वर्षांच्या आत आली.

शून्यप्रहर
दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

बसंती
दोन दांडे! दोन दशकं ते फोटो ट्रामचे म्हणून फिरताहेत.

पेठकर
आमच्याकडे पुण्यात बस ओळखणं फार सोपं. आधी बस यावी लागते, मग वेळच वेळ.

टिंगटिंग
पुणेकर आले. आता धाग्याला नियमित फेऱ्या सुरू.

दापोडीचा_पत्रा
दादरला उभे राहणार असाल तर एसटीही मोजावी लागेल, आणि एसटीची पाटी बेस्टपेक्षा बोलकी. एसटीच्या पाटीवरून गाडी कुठल्या आगाराची ते कळत नाही. तिची बॉडी कुठे बांधली ते कळतं. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा: दापोडी, चिकलठाणा, हिंगणा. एमएच-१४ (आणि जुन्या गाड्यांत एमएच-१२) म्हणजे दापोडी. एमएच-२० म्हणजे चिकलठाणा. एमएच-४० म्हणजे हिंगणा. कोकणातल्या आगाराच्या गाडीला नागपूरकडची पाटी दिसली की लोक बुचकळ्यात पडतात, त्याचं कारण हे. आगाराचं नाव हवं तर ते अंगावर रंगवलेलं असतं, ते वाचायचं.

हा नियम भाड्याच्या गाड्यांना आणि अलीकडे कंपनीकडून तयार येणाऱ्या गाड्यांना लागू नाही.

दुसरी खूण पत्र्याची. २०१८ च्या आसपासपर्यंतची लाल परी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. जवळून बघा, खिडकीखालच्या पट्टीवर रिव्हेटची रांग दिसते, शिवणीसारखी. एकेक रिव्हेट निघालेला असेल तिथे काळं गोल भोक आणि त्याखाली गंजाचा नव्हे, धुळीचा ओघळ. ॲल्युमिनियम गंजत नाही, आतला लोखंडी सांगाडा गंजतो. त्यानंतरच्या गाड्या पोलादी बॉडीच्या. अंग गुळगुळीत, आणि ठोकर लागली की पत्रा फाटत नाही, चेपतो. ॲल्युमिनियमची गाडी घासली की पत्रा पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखा उलगडत जातो. जुन्या गाड्यांना मागच्या कोपऱ्यावर ठिगळं का असतात ते आता कळलं असेल. आख्खा पत्रा बदलत नाहीत, फाटलेला भाग कापून वर नवा तुकडा रिव्हेटने ठोकतात.

क्लचप्लेट
उत्तम प्रतिसाद. चाकाचंही लिहा की.

दापोडीचा_पत्रा
चाक तुम्हीच लिहा, आमचा हात पत्र्यावर.

क्लचप्लेट
बरं. जुनं ट्यूबवालं टायर असेल तर डिस्कच्या कडेला वेगळी लोखंडी रिंग दिसते, टायर तिनेच धरून ठेवलेलं असतं. डिस्क आणि रिंग यांच्यामधली फट रंग दिला तरी दिसते. ट्यूबलेसची डिस्क एकसंध, कडेला रिंग नाही, आणि टायर दिसायला बसकं. बॉडीवर रंगरंगोटी करून गाडी कितीही नवी केली तरी चाक लवकर खोटं बोलत नाही.

पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि हवेचे बलून यांतला फरक कानाने. थांब्यावर गाडी थांबली की ‘फुस्स’ सगळ्याच करतात, तो ब्रेकचा वारा. पण ‘फुस्स’ बरोबर गाडी दाराच्या बाजूला किंचित कलली, तर खाली हवेचे बलून आहेत आणि गाडी चढणाऱ्यासाठी वाकतेय. पाट्यांवरची गाडी वाकत नाही, खड्ड्यात फक्त करकरते.

इंधनाच्या झाकणाशेजारी दुसरं, निळं झाकण असेल तर ते धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या द्रवाचं. म्हणजे गाडी अलीकडच्या नियमांतली डिझेल. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून.

हाफटिकीट
इतकं सगळं दहा सेकंदांत?

क्लचप्लेट
एका फेरीत एकच गोष्ट बघायची. पहिली दहा मिनिटं फक्त पाट्या. पुढची दहा फक्त दारं. तिसऱ्यांदा उभे राहाल तेव्हा सगळं एकदम दिसायला लागतं.

लंडनस्थ
इथल्या पद्धतीशी तुलना करतो, कदाचित उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये पाटीतच वय असतं. मधले दोन आकडे २५ असतील तर मार्च ते ऑगस्ट २०२५, आणि त्यात ५० मिळवून ७५ झाले तर सप्टेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६. बस ओळखायला दहा नाही, दोन सेकंद पुरतात. अपवाद उत्तर आयर्लंडच्या पाट्या. त्यांत वयाचे आकडेच नसतात आणि अक्षरांत आय किंवा झेड असतं. लंडनच्या नव्या रूटमास्टरना मुद्दाम ‘एलटीझेड’ पाट्या घेतल्या आहेत. बसच्या ताफ्यातला क्रमांक पाटीवर जुळवायला सोपं आणि गाडी जुनी झालेलीही कळत नाही.

जुनी रूटमास्टर नेहमीच्या मार्गावर शेवटची धावली ९ डिसेंबर २००५ ला, मार्ग १५९. मागचा उघडा कट्टा आणि चालकाची अर्धी केबिन, या दोन खुणांवर लांबून ओळखू येते. २०१२ नंतरच्या नव्या १००० गाड्यांना मागे तसाच कट्टा दिला, पण वाहक काढल्यावर तो चालत्या गाडीत बंदच राहिला. दिसतो जुन्यासारखा, वापरात नवा. पर्यटकांच्या सेवांत मात्र खरी जुनी गाडी अजून पिकॅडिलीच्या गर्दीत समोरून येते.

बसंती
आपल्या डबलडेकरलाही अर्धी केबिन होती ना?

चौथी_खिडकी
जुन्या टायटन मॉडेलच्या गाड्यांना होती. नंतरच्यांचं तोंड सपाट झालं. मागे दार, तिथेच जिना आणि दोन वाहक ही रचना मात्र शेवटपर्यंत टिकली.

नाममात्र
दोन वाहक? एकच असायचा. वर-खाली करायचा.

चौथी_खिडकी
दोन. एक वरच्या मजल्यावर, एक खाली. डबलडेकर परवडेनाशी झाली त्याचं एक कारण हेच, एका गाडीला दोन पगार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नऊशेच्या आसपास डबलडेकर होत्या, त्या पुढे कमीच होत गेल्या.

आता विजेच्या डबलडेकरशी ताडून बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ए-११५ वर आली, सीएसएमटी ते एनसीपीए. लाल अंगावर खिडक्यांचा भाग काळा, म्हणून लांबून दोन मजल्यांमधली लाल पट्टी तेवढी तरंगताना दिसते. दोन दारं, दोन जिने, दारं आपोआप मिटणारी. वर चढणारा आणि उतरणारा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बॅटरी २३१ किलोवॅट-तासांची. आवाज जवळजवळ नाही, म्हणून फोटोसाठी कानावर विसंबून राहू नका. गाडी पाठीमागून येऊन पुढे निघूनही जाते.

शून्यप्रहर
फोटोचं कुणी सांगेल का? बस छान येते, फलकावरचा आकडा मात्र अर्धाच येतो. ‘३१०’ चा ‘३’ आणि पुढे अंधार.

खटॅक
शटर फार वेगाचं ठेवताय. एलईडी फलक सतत पेटलेला नसतो, ओळीओळीने भराभर लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/५०० सेकंदाला तुम्ही लुकलुकीचा एकच तुकडा पकडता. शटर एक शतांशच्या आसपास आणा, आकडा पूर्ण येईल. फोनमध्ये ऑटो सोडून प्रो मोड घ्या, शटर १/१०० वर अडकवा, उजेड जास्त झाला तर आयएसओ खाली.

मग चालती बस हलते. दोन उपाय. सिग्नलला थांबलेली टिपा. नाहीतर १/६० वर बसबरोबर कमरेतून वळत टिपा. हात नाही वळवायचे, कंबर वळवायची. पाय बस जिथे येऊन पोचणार त्या दिशेला आधीच रोवलेले हवेत. बस नेमकी होते, मागची दुकानं पुसली जातात. पाच-सहातला एक जमतो, वैतागू नका.

पुढच्या फलकावर आकडा देवनागरीत, बाजूच्या फलकावर इंग्रजीत. वहीसाठी बाजूचा फोटो, भिंतीवर लावायला पुढचा.

बसंती
आकड्यावरूनही काही कळतं का?

बोरीबंदर
ढोबळ कळतं. दोनशेच्या घरातले पश्चिम उपनगरात, तीनशेचे पूर्व उपनगरात, चारशेचे बरेचसे पूर्व-पश्चिम जोडणारे. एक ते दीडशे-पावणेदोनशे बहुतेक शहरातले. आधी ‘ए’ असेल तर एसी. आकडा लाल असेल तर मर्यादित थांब्यांची. पण मार्ग इतक्यांदा बदललेत की हे मनात ठेवावं, पैज लावू नये.

पेठकर
अवांतर: इतक्या गर्दीत गाडी ९ मीटरची की १२ मीटरची हे कसं कळणार? मधे चार रिक्षा, दोन टेम्पो.

क्लचप्लेट
अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. शेजारून वॅगनआर टॅक्सी जाईल तोवर थांबा. ती साडेतीन मीटरहून थोडी जास्त. बसच्या लांबीत अडीच टॅक्सी मावल्या तर ९ मीटर, सव्वातीन मावल्या तर १२. आणि मागच्या दाराची जागा बघा. मागच्या चाकाच्या मागे दार असेल तर जुन्या पद्धतीची उंच, पुढे इंजिनाची गाडी. दोन चाकांच्या बरोबर मधे रुंद दार असेल तर लो-फ्लोअर, व्हीलचेअरचा उतार तिथेच असतो.

पेठकर
मुंबईत लांबी टॅक्सीत मोजतात हे माहीत नव्हतं. भाडं पण तसंच का?

हाफटिकीट
तिसरा प्रश्न राहिलाच. उभं कुठे राहायचं?

बोरीबंदर
एकाच जागी सगळं हवं तर दादर टी.टी. बेस्ट आहेच, शिवाय शिवनेरी, साधी एसटी, खासगी गाड्या. विजेची डबलडेकर हवी तर सीएसएमटीसमोर. पण आधी चलो ॲपवर ए-११५ टाकून गाडी नकाशावर कुठे आहे ते बघा, उगाच तासभर खांब धरून उभे राहू नका. एकाच प्रकारच्या पुष्कळ गाड्या जवळजवळ बघून फरक शिकायचा असेल तर कुर्ला स्टेशन पश्चिम. तिथे बस सावकाश सरकते, पाटी वाचायला वेळ मिळतो. गर्दी मात्र खांद्यावर.

जुन्याची हौस असेल तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय. जायच्या आधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

चौथी_खिडकी
दोन सावधगिऱ्या. आगाराच्या फाटकाच्या आत परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका, फुटपाथवरून काय ते टिपा. आणि पहिल्या बसचा मार्ग म्हणून कुणी अफगाण चर्चच्या पुढे कुलाब्याच्या टोकाला जाईल तर पुढे नौदलाचा परिसर आहे. तिथे फोटोची बंदी गंमत म्हणून लावलेली नाही.

खटॅक
वेळ सकाळी साडेसात ते नऊ. उजेड तिरपा, काचेवर चमक कमी, रिव्हेट आणि ठिगळं उठून दिसतात. दुपारी लाल रंग जळतो आणि खिडक्या नुसत्या पांढऱ्या येतात.

हाफटिकीट
आज दादरला तासभर झाला. ॲप न उघडता लिहून आणलंय, चुका काढा.

अ) लाल एसटी, एमएच-२० बीएल, खिडकीखाली रिव्हेटची रांग, मागच्या डाव्या कोपऱ्यावर वीतभर ठिगळ. माझा अंदाज: चिकलठाणा, ॲल्युमिनियम बॉडी, २०१८ आधीची.
ब) आरामगाडी, शिवनेरीसारखी दिसणारी, पण पाटी हिरवी, अक्षरं पिवळी. अंदाज: ई-शिवनेरी.
क) बेस्ट, पिवळी पाटी, मागे अर्धी काच आणि खाली झडपा, दारात एक पायरी, टपावर एसी. अंदाज: मागे इंजिन, ६५० ची. इंधन ओळखता आलं नाही, स्टिकरच्या बाजूला उभी टॅक्सी आली.
ड) लांबी अडीच टॅक्सी, हिरवी पाटी, आवाज नाही. अंदाज: ९ मीटर, विजेवरची. कंपनी राहून गेली, सिग्नल सुटला.

दापोडीचा_पत्रा
अ पूर्ण बरोबर. ठिगळाची कड सरळ कापलेली होती की वेडीवाकडी? सरळ असेल तर कार्यशाळेत लावलेलं, वेडीवाकडी असेल तर आगारातच घाईने ठोकलेलं.

क्लचप्लेट
ब, क, ड मान्य. क मध्ये एसी आणि मागे इंजिन असेल तर इंधनाच्या झाकणाची बाजू पुढच्या वेळी बघा, निळं झाकण दिसलं की डिझेल. ड साठी बोधचिन्ह पुढेच नाही, मागेही असतं. गाडी निघून गेली म्हणजे संधी गेली असं नाही, मान वळवायची.

टिंगटिंग
मान वळवताना फुटपाथवरच राहा. मागून येणारी गाडीही विजेचीच असते.

हाफटिकीट
ठिगळाची कड वेडीवाकडी होती. पुढचा रविवार कुर्ला पश्चिम, साडेसात. फक्त दारं बघणार आहे.